नमुना स्वीकारला नाही

पेन चौकोनाला टेकवलं आणि उचललं. शाईचा एक ठिपका उरला, रेघेच्या बाहेर, आत नाही. हे मी वाकून खात्री करून घेतलं. फॉर्ममधला चौथा प्रश्न असा होता: इमारतीच्या दर्शनी भागात ठेवलेला ख्रिसमस ट्री हा, आणि पुढे दोन चौकोन. एकापुढे छापलं होतं 'धार्मिक प्रतीक', दुसऱ्यापुढे 'शोभेची वस्तू'. त्याखाली 'तपासणाऱ्याची सही'. पहिले तीन प्रश्न मी दोन मिनिटांत उरकले होते: आग विझवायचं नळकांडं कुठे आहे, दरवाजे किती, पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली. चौथ्यावर मात्र हात थांबला. थांबला म्हणजे खरोखर थांबला, आधी हात थांबला आणि मग मला कळलं की आपण थांबलो आहोत. मान वर केली तर झाड समोरच होतं. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायचं टेबल माझं आहे, आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला, आणि त्याच्या बरोबर समोर, भिंतीतल्या कोनाड्यात, दर डिसेंबरला मावशी आपलं झाड लावतात. मावशी म्हणजे आमची काचेची भांडी धुणाऱ्या. नात्याने कुणाच्याच नाहीत, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या मावशी. झाड उंचीला माझ्या खांद्याइतकं, तारेचं, हिरव्या कागदी पात्यांचं. त्यावर बाजारातलं काही नाही. टोक फुटलेल्या परीक्षानळ्या, फुटक्या कडा ज्योतीवर धरून गोल केलेल्या, आणि त्यांत रंगीत पाणी. पिपेटचे लाल रबरी फुगे. शेंड्यावर एका मोठ्या बाटलीचं काचेचं बूच, ती बाटली कधीच फुटली, बूच तेवढं राहिलं. आणि या सगळ्यातून फिरवलेली बारीक दिव्यांची माळ, ती दर तीन सेकंदांनी मंद होते आणि पुन्हा उजळते. तीन पूर्णांक एक, खरं तर. यंदा झाड लागलं त्या पहिल्याच आठवड्यात मी मोजलं होतं.

सकाळी साहेबांनी फॉर्म हातात दिला तेव्हा ते घाईत होते. "वरून आलंय. दर्शनी भागात धार्मिक काही असेल तर काढायचं, शोभेचं असेल तर राहू द्यायचं. संध्याकाळपर्यंत पाठवायचंय." मी विचारलं, मीच का. "तुमचं टेबल त्याच्या समोर आहे म्हणून. आणि तुम्ही काही लिहिलंत की त्यावर कुणी शंका काढत नाही म्हणून. अहो, एक खूण करायचीय, पाण्यातलं शिसं नाही शोधायचं. दुसऱ्या चौकोनात करा. झाड राहील, मावशी खूश, वरचे खूश, तुम्ही-आम्ही आपल्या कामाला मोकळे." दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमची कायम व्हायची फाइल आलीय बरं का माझ्याकडे. सहज सांगितलं." साहेब वाईट माणूस नाहीत. ते सहज सांगतात तेही त्यांना खरंच सहज वाटत असतं. दहा महिने मी इथे तात्पुरती आहे. या फाइलवर त्यांची सही झाली की मी कायम होईन, आणि आई शेजारच्या काकूंना सांगताना 'सध्या तरी' हे दोन शब्द गाळू शकेल. एक खूण. दुसरा चौकोन. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. आणि तरी ते दोन शब्द, 'शोभेची वस्तू', मी वाचत होते तेव्हा ते मला छापील वाटत नव्हते, ऐकू येत होते, आईच्या आवाजात, विशिष्ट चढउतारासकट. "शोभेचं आहे हो, नुसतं शोभेचं." 'हो' जरा लांबवलेला. पाहुणे आले आणि त्यांची नजर कोपऱ्याकडे वळली की ती हे म्हणायची, त्यांनी विचारायच्या आत, हातात पाण्याचा ट्रे असायचा आणि तो ट्रे कधी हलायचा नाही. वीस-बावीस वर्षांत तिने ते वाक्य किती वेळा म्हटलं असेल याचा मी एकदा हिशोब करायला घेतला होता आणि दोनशेच्या पुढे सोडून दिला.

जेवणाच्या सुट्टीत थेंबला सांगितलं. थेंब म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. रंग बदलायच्या नेमक्या थेंबाला तो नळी बंद करतो आणि मग दिवसभर त्याबद्दल बोलतो, म्हणून हे नाव. त्याला प्रश्न आवडला, त्याने डबा बाजूला सारला. "सोपं आहे. थंड प्रदेशातली माणसं, हिवाळा, बाहेर सगळं मेलेलं. हिरवी राहणारी एक फांदी घरात आणली, बरं वाटलं. धर्म नंतर येऊन चिकटला. मुळात झाड कुणाचंच नाही. शोभेचं." मी म्हटलं, मुळात तर दगडही कुणाचे नसतात, आणि भांडणं कशावरून होतात? "ते वेगळं." कसं वेगळं? "अगं, शेंड्यावर चांदणी आहे का? नाही. खाली गव्हाणीतलं बाळ आहे का? नाही. परीक्षानळ्या आहेत. आता परीक्षानळी धार्मिक म्हणशील?" मी म्हटलं, ती कोण टांगतंय त्यावर आहे. थेंब माझ्याकडे बघत राहिला, जसा तो वेळेआधी रंग बदललेल्या द्रावणाकडे बघतो. "हे बघ, तू खूण कर. आपल्या चार डोक्यांत अजून एक तरी कायम माणूस होऊ दे. मलाही तुझ्या रजेत तुझं टेबल सांभाळायचा कंटाळा आलाय." मग हळू आवाजात, "आणि तुला नक्की काय लिहायचंय? धार्मिक लिहिलंस तर मावशींचं झाड जाईल." तेच तर. मला धार्मिक लिहायचं नव्हतं. मला शोभेचं लिहायचं नव्हतं. मला काय लिहायचं नाही हे मला दोन दशांशांपर्यंत ठाऊक होतं.

आमच्याकडे 'नाही' असा निकाल नसतो. पाण्यात शिसं नाही, असं आम्ही कधीच लिहीत नाही. आम्ही लिहितो, 'आढळले नाही', आणि त्यापुढे आमच्या यंत्राची मर्यादा, म्हणजे याच्यापेक्षा कमी असेल तर आम्हांला दिसत नाही, असेलही. रुजू झाले त्या दिवशी हा नियम वाचला तेव्हा मला एकदम बाबांची आठवण आली होती. बाबा सज्जन होते, मोठ्याने हसायचे, वीज मंडळात तारा जोडायचे, आणि त्यांचं मत असं होतं की आपल्या घरात देव-धर्म-श्रद्धा यांतलं काहीच नाही, ना त्यांच्या बाजूचं ना आईच्या. आई वेगळ्या धर्माच्या घरातून आली होती. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मोठ्यांनी बरंच ताणलं आणि शेवटी बाबांच्या बाजूने एकच अट आली: तिकडचं काही घरात आणायचं नाही. आई एक खोका घेऊन आली. त्यात ते झाड होतं, घडीचं, गुडघ्याएवढं, तिच्या वडिलांनी तारेला कागद गुंडाळून केलेलं. बाबांनी खोका उघडून पाहिला आणि म्हणाले, हे होय, हे तर शोभेचं आहे. आणि आईने तो शब्द उचलला, जसा बुडणारा माणूस हाताला लागेल ते उचलतो. बाबा गेले त्याला आता चार वर्षं झाली. ते शेवटपर्यंत सांगायचे, हिचं काही नाही हो, नुसती हौस. खोटं बोलत नव्हते. त्यांना आढळलं नव्हतं.

मला आढळलं होतं. नवव्या वाढदिवसाला मला मनगटी घड्याळ मिळालं, एक बटण दाबलं की सेकंद शून्यापासून मोजणारं. त्या वर्षी मी सगळं मोजलं. नळाखाली बादली भरायला दोन मिनिटं चाळीस सेकंद. दूध उतू जायला किती, ते दोनदा मोजलं आणि दुसऱ्यांदा मार खाल्ला. जिन्याच्या पायऱ्या, बाबांच्या जांभया, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा खोकला. एक वही होती, उभ्या रेघा मारलेली: काय, कधी, किती वेळ, शेरा. आणि एका सकाळी, बाबा कामावर गेलेले, मी तापाने शाळेला न गेलेली, पांघरुणाच्या फटीतून मला आई दिसली, झाडासमोर उभी. ती काही करत नव्हती. आई काही करत नाही हे दृश्यच इतकं दुर्मीळ होतं की मी बटण दाबलं. डोळे मिटलेले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, सुटलेलं, पुन्हा गुंडाळलेलं. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला नाही. वाईट नाही, पण जणू ती कुणाची तरी मुलगी होती, माझी आई व्हायच्या आधीची, आणि कुणीतरी तिचं ऐकत होतं. मग तिने डोळे उघडले आणि मी पुन्हा बटण दाबलं. नऊ मिनिटं दहा सेकंद. शेरा: ओठ हलतात. मला ती नोंद फार आवडली होती. वहीतली सर्वांत चांगली नोंद तीच होती, कारण ती घेतानाही मला कळत होतं की हे आजवर कुणी मोजलेलं नाही. चार दिवसांनी आत्या आली, बाबांची थोरली बहीण, लाडू घेऊन येणारी आणि जाताना गालाला जोरात चिमटा काढणारी. तिने मला मांडीशी ओढलं. "काय काय मोजतेस गं, दाखव बघू. आणि आई दिवसभर काय करते तुझी?" इतका रस माझ्या वहीत कुणी घेतला नव्हता. मी पान उघडलं आणि वाचून दाखवलं. काय, कधी, किती वेळ, शेरा. आत्याचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तिथेच राहिला, फक्त जड झाला. "दहा सेकंद," ती म्हणाली, "वा."

त्यानंतरची आत्या आणि आईची चर्चा, बाबा घरी नसताना, बंद दाराआड झाली आणि मी दाराचा आवाज सोडला तर काहीच मोजलं नाही. पुढच्या डिसेंबरात खोका माळ्यावरून खाली आला नाही. त्याच्या पुढच्याही. त्याच्याही पुढच्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि एका अर्थी तीच शिक्षा झाली, कारण मला काय चुकलं ते स्वतःच शोधायला लागलं आणि माझ्या नोंदीत तर चूक नव्हती. घड्याळ बरोबर होतं. निरीक्षण बरोबर होतं. चौथ्या वर्षी बाबाच म्हणाले, अगं ते शोभेचं झाड कुठाय, पोरीला आवडायचं, लाव की. आईने लावलं. आणि तेव्हापासून ती त्याच्यासमोर कधी नुसती उभी राहिली नाही. ती झाड पुसायची. हातात पिवळं फडकं, डोळे उघडे, एकेक पातं, एकेक तार. कुणीही आत आलं तरी बाई घर आवरतेय इतकंच दिसावं. तिला पुसायला किती वेळ लागतो ते मी कधी मोजलं नाही. पण पात्यांवर धूळ नसायची हे मला दिसत होतं. धूळ आदल्या दिवशीच पुसलेली असायची. लोक म्हणतात काळाबरोबर झाडातलं धार्मिक विरून गेलं आणि नुसती सजावट उरली. मी तर उलटं पाहिलंय. सजावट म्हणवून घेत घेत ते फडक्याच्या टोकात जाऊन बसलं, जिथे कुणाच्या यंत्राची मर्यादा पोचत नाही. आता पुन्हा कुणीतरी मांडीशी ओढून विचारत होतं, दाखव बघू. पुन्हा सगळ्यांत नेमकी नोंद घेणारी मीच. आणि गंमत अशी की या वेळी खरं बोलले तर झाड जाणार होतं आणि खोटं बोलले तर आईचं ते वाक्य माझ्या सहीनिशी छापलं जाणार होतं, कायमचं, फाइलीत.

दोन वाजता मी भांडी धुण्याच्या खोलीत गेले. तिथे नेहमी वाफ असते आणि साबणाचा एक उग्र वास, घशाच्या मागे जाऊन बसणारा. मावशींचे हात कोपरापर्यंत रबरी मोज्यांत होते. एकेक चंबू त्या उजेडाकडे धरायच्या, पाण्याचा पातळ थर काचेवरून न तुटता सरकतोय का ते बघायच्या. तुटला तर चंबू पुन्हा साबणात. बावीस वर्षांत त्यांचा एक चंबू परत आलेला नाही. मी म्हटलं, "मावशी, एक विचारू का?"

"झाडाचं ना? विचारू नकोस."

"तुम्हांला कुणी सांगितलं?"

"साहेब सांगून गेले. मावशी, काळजी करू नका, तुमचं झाड शोभेचं आहे. मी कुठे काळजी करत होते? त्यांनी सांगितल्यापासून करतेय." त्यांनी चंबू उपडा केला. "बावीस वर्षं ते तिथे लावते. कुणी म्हणालं छान दिसतं, कुणी म्हणालं दिवे फार भडक आहेत. एक साहेब होते ते त्याला छत्री टांगायचे. पण ते काय आहे असं कुणी विचारलं नाही बाई. आता कागद आल्यावर सगळ्यांना प्रश्न पडला."

"म्हणून तर मी म्हटलं तुम्हांलाच विचारावं. झाड तुमचं आहे."

"हुशार आहेस." त्या हसल्या, पण मोजे काढले नाहीत. "असं बघ पोरी. तू विचारलंस की मला उत्तर द्यावं लागेल. खरं सांगितलं तर झाड जाईल. मग मी म्हणेन शोभेचं आहे. आज या वयात तू मला खोटं बोलायला लावणार, तेही या झाडाबद्दल? न विचारता राहिलीस तर मी गप्प तरी राहू शकते. गप्प राहणं माझं आहे. ते कशाला घेतेस?"

वाफेने चष्मा पांढरा झाला होता आणि तो पुसायचं निमित्त मला बरं वाटलं. त्यांनी पुढचा चंबू उजेडाकडे धरला. "तुला काय लिहायचं ते लिही. पण माझ्या नावाने लिहू नकोस, आणि माझ्या वतीनेही लिहू नकोस. आणि जाताना दार लावून घे, वाफ जाते." मी दार लावलं. हातावर अजून तो साबणाचा वास होता, आणि मला पहिल्यांदा सरळ राग आला. साहेबांचा नाही, वरच्यांचा नाही, कागदाचाही नाही. त्या दोन चौकोनांचा आला, त्यांच्या सारख्या बाजूंचा, जणू जगात कुणीतरी आधीच सगळं दोन भागांत कापून ठेवलंय आणि आपण फक्त कुठे पडलो ते सांगायचं. आणि माझा स्वतःचा आला. कारण वाफेच्या त्या खोलीत, मावशी बोलत असताना, त्यांच्या डोळ्यांच्या कडेला काय झालं ते मी पाहिलं होतं, आणि पाहिल्यापाहिल्या मनात शेरा लिहिला होता.

टेबलावर परत आले तर एक माणूस बाटली घेऊन उभा होता. विहिरीचं पाणी. बाटलीला सील नव्हतं, नमुना कुणी घेतला त्याची सही नव्हती. मी विचारलं, विहीर कुणाची? शेजाऱ्यांची. त्यांना माहीत आहे? "त्यांना कशाला माहीत हवं? पाणी खराब निघालं की मग सांगतो ना." मी त्याला शांतपणे सांगितलं की असा नमुना आम्ही घेत नाही, ज्याचं पाणी त्याच्या समक्ष आणि त्याच्या संमतीने भरलेलं असावं लागतं, नाहीतर निघालेला निकाल कितीही बरोबर असला तरी त्याला अर्थ नसतो. हे वाक्य मी दहा महिन्यांत शंभरदा म्हटलं असेल. त्या दिवशी अर्ध्यावर थांबले, कारण ते मला ऐकू आलं. कितीही बरोबर असला तरी. माणूस कुरकुरत गेला. मी खालचा खण उघडला आणि नाकारलेल्या नमुन्यांची वही काढली. ही वही जाड बांधणीची आहे, पानांवर छापील आकडे आहेत, पान फाडता येत नाही, लिहिलेलं खोडता येत नाही; चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. विहिरीच्या बाटलीची नोंद केली. मग पुढच्या ओळीत, त्याच अक्षरात, त्याच शाईत: तारीख. वेळ दोन वाजून चाळीस मिनिटं. नमुना: प्रश्न क्रमांक चार. पाठवणारे: मुख्य कार्यालय. निर्णय: नमुना स्वीकारला नाही. कारण: ज्याचा आहे त्याच्या संमतीशिवाय घेतलेला. शिवाय, तपासणाऱ्याचा या वस्तूशी पूर्वसंबंध आहे. आणि सही, पूर्ण, आडनावासकट. फॉर्मवर चौथ्या प्रश्नापुढे दोन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि त्यांच्यामध्ये वहीतला नोंद क्रमांक घातला. नियमाप्रमाणे नाकारलेला नमुना जिथून आला तिथे परत जातो. तो ठिपका तेवढा राहिला. त्याच्याभोवती मी छोटं वर्तुळ केलं आणि सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे काय आहे?"

"नोंद."

"विनोद करताय?"

"नाही साहेब. सील नसलेली बाटली मी घेत नाही तेव्हा तुम्हीच म्हणता, नियम म्हणजे नियम."

"अहो, ते पाणी आहे! हे..." त्यांनी दाराबाहेर हात केला, आणि हे काय आहे ते त्यांनाही पटकन सांगता आलं नाही. मला त्या क्षणी ते थोडे आवडले. "पूर्वसंबंध म्हणजे काय? तुम्ही त्यांच्यातल्या आहात? नाही ना? मग?"

"तेही लिहिलेलं नाही मी."

"कठीण आहे तुमचं." त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवला, बोटांनी सरळ केला. "वर काय सांगू? लहान मुलीसारखा हट्ट. तीन महिने वाढवतो तुमचे. तात्पुरतेच राहा. तोवर बघू डोकं ठिकाणावर येतंय का."

"वाढवा," मी म्हटलं. पाय थरथरत होते, आवाज नव्हता थरथरत. आईचा ट्रे आठवला. पाहुण्यांसमोर ती थरथर नेमकी कुठे ठेवायची ते मला आज, सत्ताविसाव्या वर्षी कळलं: गुडघ्यांत, साडीच्या आत, जिथे कुणी बघत नाही.

पण अडचण साहेबांची झाली होती. झाड ठेवायला कागद नव्हता आणि काढायलाही नव्हता. चार वाजता त्यांनी, बरीच येरझारा घालून, शेवटी यंत्रांवर घालतात तो पांढरा कपडा मागवला आणि झाडावर टाकला. उत्तर येईपर्यंत, म्हणाले. कोनाड्यात आता एक शुभ्र, टोकदार, कुणाचंच नसलेलं काहीतरी उभं होतं. बावीस वर्षांत ज्यांनी झाडाकडे पाहिलं नव्हतं ते थांबून बघायला लागले. थेंब म्हणाला, "हे आधीच्यापेक्षा जास्त देवासारखं दिसतंय." साडेचारला मावशी मोजे काढून बाहेर आल्या. झाडासमोर थांबल्या. एका शब्दाने बोलल्या नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. वाकून, कपड्याखाली हात घालून त्यांनी दिव्यांचं बटण दाबलं आणि पिशवी उचलून घरी गेल्या. कापडाच्या आत उजेड भरला, मंद झाला, पुन्हा भरला. बंद करायला साहेब आले, कपड्याला हात लावणार, तेवढ्यात थबकले, आणि परत गेले. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. आईचं झाड स्टुलावर होतं, कागदी पाती आता हिरवी कमी आणि करडी जास्त, आणि ती पिवळं फडकं घेऊन पुसत होती. मी चपला काढल्या नाहीत. दारातूनच म्हटलं, "आई, आत्याला ते मीच सांगितलं होतं. वहीतून वाचून दाखवलं."

ती पुसत राहिली. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझ्या आत्याला तरी सेकंदाचं गणित कुठे येत होतं?" एक तार सरळ केली. "तुझा राग नव्हता आला मला. त्या दहा सेकंदांचा आला होता. नऊ मिनिटं म्हणाली असतीस तर मी म्हटलं असतं, पोर आहे, काहीतरी बोलते. नऊ मिनिटं दहा सेकंद म्हटल्यावर मी काय बोलणार, सांग बघू?" आणि ती हसली, चक्क हसली, खांदे हलेपर्यंत, अठरा वर्षं जपून ठेवलेला विनोद असावा तशी. मला हसू येईना. मी तिला सगळं सांगितलं, फॉर्म, चौकोन, मावशींचं बोलणं, वही, पांढरा कपडा, तीन महिने. तिने मध्ये एकदाच विचारलं, "खोडता येत नाही ना ते?" मी म्हटलं, नाही, पान फाडताही येत नाही. "आणि त्या बाईंना तू विचारलं नाहीस?" नाही. "मलाही विचारू नकोस," ती म्हणाली. मी म्हटलं, विचारत नाही.

तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग त्याची घडी केली, दोनदा, आणि ते स्टुलाच्या दांडीवर ठेवून दिलं. "जा, गॅसवर चहाचं आधण ठेवलंय, बघ जरा."

मी आत गेले. गॅस बंद होता. त्यावर काहीच नव्हतं. आधी वाटलं विसरली असेल, आणि मग कळलं, आणि मी ओट्याला दोन्ही हात टेकून दाराकडे पाठ करून उभी राहिले. बाहेरून फडक्याचा आवाज येत नव्हता. माझं मनगट मला जाणवायला लागलं, तिथलं ते जड, टिकटिकणारं काहीतरी. घड्याळ काढलं, पोळ्यांच्या डब्यात टाकलं, आणि झाकण लावून घेतलं. मग तिने हाक मारली आणि मी बाहेर गेले. किती वेळाने, ते विचारू नका. माझ्याकडे नोंद नाही.